विमानाचे दोन तास आणि उरलेला दिवस



प्रवासाविषयी आपल्याकडून जी पत्रे येतात, त्यांतील पुष्कळशा पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या गावांची नावे घालून विचारलेला असतो. अमुक विमानतळापासून तमुक विमानतळ किती दूर आहे, आणि तेथे पोहोचावयास वेळ किती लागतो? या वेळी डोंबिवलीच्या एका भगिनीने हाच प्रश्न केला आहे, पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे व तो अधिक नाजूक आहे. त्यांच्या सूनबाईंना सातवा महिना लागला आहे. तंजावर जिल्ह्यातील तिरुक्करुगावूर या गावी गर्भरक्षांबिकेचे देऊळ आहे. तेथे सूनबाईंना दर्शनास न्यावे, असा घरच्या वडील मंडळींचा मानस आहे. ‘मुंबईहून तिरुचिरापल्ली विमानाने दोन तासांवर आहे असे समजते. तेव्हा पहाटे निघून रात्री घरी परत येता येईल ना?’ असे त्या विचारतात.

दोन तासांचा आकडा खरा आहे. परंतु एका दिवसात परत येण्याचा बेत मात्र त्यांनी सोडून द्यावा, असेच आम्ही सुचवू. ही दोन विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, ते नीट उलगडून सांगितले पाहिजे. विमानप्रवासाचे तिकीट काढणाऱ्या अनेक कुटुंबांची गफलत नेमकी याच ठिकाणी होते.

प्रथम अंतर पाहू. विमानतळांमधले अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो रस्त्याचा नसतो व रुळांचाही नसतो. पृथ्वीगोलावर एका ठिकाणी टाचणी रोवून दुसऱ्या टाचणीपर्यंत दोरा ताणून धरला, तर त्या दोऱ्याची जी लांबी भरेल, ते हे अंतर होय. ते काढण्यास यंत्र लागत नाही. घरातील मॅट्रिकच्या विद्यार्थ्याला वही घेऊन बसवावे. मुंबईचा विमानतळ १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. तिरुचिरापल्लीचा १० अंश ४६ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७८ अंश ४३ मिनिटे पूर्व रेखांशावर. म्हणजे मुंबईहून निघाल्यावर आपणांस दक्षिणेकडे ८ अंश १९ मिनिटे व पूर्वेकडे ५ अंश ५१ मिनिटे सरकावयाचे आहे. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. म्हणून दक्षिणेकडचे अंतर झाले ९२३ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसा आखूड होत जातो. या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात तो सुमारे १०७ किलोमीटर भरतो. त्या हिशेबाने पूर्वेकडचे अंतर सुमारे ६२७ किलोमीटर येते. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हाती आल्या. तिसरी काढावी. ती १,११६ किलोमीटर येते. गोलाच्या वक्रतेचा विचार करणारे अचूक सूत्र वापरले तर उत्तर १,११८ येते. घरच्या वहीत दोन किलोमीटरांची चूक राहिली तर तिने कोणाचे विमान चुकणार नाही.

हीच रीत पुण्याच्या वाचकांनीही वापरून पाहावी. पुण्याहून तिरुचिरापल्ली सुमारे १,०१० किलोमीटर आहे.

आता वेळ. प्रवासी जेट विमान उंचीवर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटर किंवा त्याहून थोड्या अधिक वेगाने जाते. १,११८ किलोमीटरांस त्या वेगाने एक तास चोवीस मिनिटे लागतील. परंतु विमान जागेवरून निघून धावपट्टीकडे सरपटत जाते, रांगेत उभे राहते, चढते, उतरण्यापूर्वी वेग कमी करते, कधी घिरट्याही घालते. यासाठी अर्धा तास धरावा, असा ठोकताळा आहे. बेरीज एक तास चौपन्न मिनिटे. वेळापत्रकातील दोन तासांच्या आसपासचा आकडा येतो तो असा. वेळापत्रकात दिलेला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. जाण्याचा व येण्याचा वेळ सारखा नसतो, कारण वर वारे वाहत असतात. पावसाळ्यात दक्षिण भारतावर फार उंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा वाऱ्याचा झोत वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला. त्या दिवसांत तिकडे जाणाऱ्या विमानास वारा थोडा आडवा येतो व परतणाऱ्यास थोडी मदत करतो. एवढ्याशा प्रवासात हा फरक काही मिनिटांचाच.

येथवर सर्व ठीक आहे. घोटाळा पुढे आहे. थेट विमान आपल्याला हव्या त्या दिवशी असेलच, असे धरून चालू नये. विमानांची वेळापत्रके मार्चच्या व ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी, अशी वर्षातून दोनदा बदलतात, आणि एका हंगामात असलेली फेरी पुढच्या हंगामात राहतेच असे नाही. थेट विमान नसले की वाटेत बदल करावा लागतो. तो बंगळूर येथे करावा की चेन्नई येथे? नकाशावर पाहणाऱ्यास एक मौजेची गोष्ट आढळेल. मुंबई ते बंगळूर ८३४ किलोमीटर आणि बंगळूर ते तिरुचिरापल्ली २९२ किलोमीटर. दोहोंची बेरीज १,१२६. म्हणजे बंगळूरचा विमानतळ त्या ताणलेल्या दोऱ्याला जवळजवळ चिकटूनच आहे, आणि तेथे उतरल्याने अंतर वाढते ते अवघे आठ किलोमीटर! चेन्नईवरून गेल्यास मात्र १,०३३ व २९४ मिळून १,३२७ किलोमीटर होतात.

आठ किलोमीटर म्हणजे डोंबिवलीहून कल्याणच्या पुढे थोडेसे. पण या आठ किलोमीटरांची किंमत घड्याळात पाहावी. मुंबई–बंगळूर पावणेदोन तास. तेथे पुढच्या विमानाची वाट पाहणे किमान दोन-तीन तास. मग बहुधा पंख्याच्या लहान विमानाने तिरुचिरापल्लीस एक तास. दोन तासांचा प्रवास पाच-सहा तासांवर गेला, आणि अंतर जवळजवळ तेवढेच राहिले. त्यातून दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असली तर सामान बंगळूरला ताब्यात घ्या, पुन्हा रांगेत उभे राहा, पुन्हा तपासणी करवून घ्या, हा व्याप निराळाच. म्हणून बदल करावयाचाच असल्यास दोन्ही फेऱ्या एकाच तिकिटावर घ्याव्यात. त्यासाठी चार पैसे अधिक पडले तरी ते वाया जात नाहीत.

परदेशी असलेल्या मुलामुलींसाठी येथेच एक गोष्ट सांगून टाकतो. तिरुचिरापल्लीहून सिंगापूरला पुष्कळ विमाने जातात, आणि तेथे राहणारी काही मराठी कुटुंबे कावेरीकाठच्या देवस्थानांना त्याच वाटेने येतात. ते अंतर सुमारे २,९८० किलोमीटर, विमानाचा वेळ चार तासांच्या आसपास. पण सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. दुपारी बारा वाजता तिकडून निघालेले विमान आपल्या घड्याळाप्रमाणे दीड वाजता उतरते, व परत जाताना दोन वाजता निघालेले तिकडच्या साडेआठ वाजता. तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी करून ‘येताना दीड तास व जाताना साडेसहा तास कसे?’ म्हणून चकित होणारे लोक आम्ही पाहिले आहेत. मुंबई व तिरुचिरापल्ली यांच्यात अशी अडचण नाही. सूर्य तिकडे सुमारे तेवीस मिनिटे आधी डोक्यावर येतो, एवढेच.

आता डोंबिवलीच्या दारापासून तिरुक्करुगावूरच्या देवळापर्यंतचा हिशेब मांडू, आणि थेट विमान मिळाले असे धरून मांडू. घरापासून विमानतळापर्यंत, गर्दी लक्षात घेता, पावणेदोन तास. विमान सुटण्यापूर्वी दोन तास तेथे पोहोचावयाचे. विमानात दोन तास. उतरून, सामान घेऊन बाहेर येण्यास चाळीस मिनिटे. तिरुचिरापल्लीच्या विमानतळापासून तंजावर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, व तेथून पुढे तिरुक्करुगावूर वीस किलोमीटरांच्या घरात. मोटारीने हे दोन तास. एकूण झाले साधारण साडेआठ तास. त्यांत विमानाचे दोन. म्हणजे एकूण वेळेच्या चौथ्या हिश्श्याहूनही विमानाचा हिस्सा कमी, आणि बाकीचा काळ उभे राहणे, वाट पाहणे व मोटारीत बसणे यांत जातो. परतीचे साडेआठ त्यात मिळवा. सतरा तास झाले. देवळात तासभर थांबलात तर अठरा. हा बेत एखाद्या धडधाकट तरुण कारकुनासही झेपणे कठीण. सात महिन्यांच्या गर्भवतीस तो मुळीच सांगू नये.

रेल्वेने जाण्यास एक दिवसाहून अधिक लागतो, पण तिच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. रेल्वेत आडवे होता येते, आणि शौचकूप चार पावलांवर असते. गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. जवळचे सोयीचे स्थानक तंजावर–कुंभकोणम् मार्गावरील पापनाशम्. तेथून गाव सहा किलोमीटरांच्या आसपास आहे. मात्र तिकीट काढताना सावध असावे. पापनाशम् नावाचे दुसरे एक गाव पार दक्षिणेस तिरुनेलवेलीकडे आहे. तंजावरजवळही एक धावपट्टी आहे, पण ती हवाई दलाची. २०२० च्या जानेवारीत तेथे सुखोई विमानांचे पथक दाखल झाले. देवळास अधिक जवळची धावपट्टी तीच, परंतु आपल्या उपयोगाची नव्हे.

मराठी माणसाला ही वाट नवी नाही. १६७७ च्या आरंभी रायगडाहून दक्षिणेकडे निघालेले शिवाजी महाराज भागानगर, जिंजी असे मुक्काम करीत कोळ्ळिडम् नदीकाठच्या तिरुमळवाडीस पोहोचले, तेव्हा वर्ष निम्मे उलटून गेले होते. तेथे त्यांची व त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांची भेट झाली. ते ठिकाण तिरुक्करुगावूरपासून फार दूर नाही. अर्थात तो प्रवास सैन्यासह व राजकारणासह होता, त्याची तुलना आपल्या प्रवासाशी करणे गैर. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन आपले छोटे विमान जुहूच्या मैदानावर उतरविले, आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल घेऊन पुढे मद्रासला गेले. मुंबई–मद्रास एका दमात होत नव्हते. वाटेत बळ्ळारीस रात्रीचा मुक्काम करावा लागला. पत्रांच्या पिशवीलाही तेव्हा रात्रीची विश्रांती मिळत होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु आमच्या आजच्या विषयाशी ज्याचा सर्वांत निकटचा संबंध आहे, ते काम तंजावरच्या भोसले राजांचे. तंजावराहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली. छत्र म्हणजे केवळ धर्मशाळा नव्हे. सरफोजीराजे दुसरे हे १७९८ साली गादीवर आले, आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. तेव्हा या छत्रांचे पुढे काय होणार, ही काळजी राजांना लागली. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटास एक पत्र लिहून छत्रांत काय काय चालते ते सविस्तर कळविले, व ती चालू राहावीत अशी विनंती केली. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, बैरागी, फकीर, कोणीही वाटसरू आला तरी त्यास अन्न मिळे. ज्यांना शिजविलेले चालत नसे त्यांना शिधा. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मग घंटा वाजवून पुकारा करीत, की कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे. आजारी वाटसरूंस औषध व पथ्याचे अन्न देत. विषबाधेवर उपचार करणारे वैद्यही छत्रांत असत. तान्ह्या मुलांस दूध मिळे.

आणि गर्भवती स्त्रीविषयी त्या पत्रात जे आहे, ते आजच्या प्रत्येक प्रवासी संस्थेने वाचावे असे आहे. तिची आस्थेने काळजी घेतली जाई. छत्रात असताना ती बाळंत झाली तर बाळंतपणाचा खर्च छत्र करी, तिला योग्य ती औषधे देई, आणि बाळंतपणानंतर तीन महिने तिला तेथे राहण्याची मुभा असे. तीन महिने! किती मैल अंतर आहे हे तेव्हाही मोजता येत होते. परंतु बाईच्या प्रवासाचा वेळ मैलांवर मोजावयाचा नसतो, विसाव्यांवर मोजावयाचा असतो, ही जाण त्या कारभारात होती. १८०२ साली ओरत्तनाडु येथे उभे राहिलेले मुक्तांबाळ छत्र आजही पाहता येते. तिरुक्करुगावूरहून तंजावरला परतताना ज्यांच्यापाशी वेळ असेल, त्यांनी तिकडे वाट वाकडी करण्यास हरकत नाही.

आजच्या विमानतळावर घंटा वाजते ती निराळ्या कारणासाठी. म्हणून विसाव्याची सोय आपली आपणच करावयाची. सूनबाईंना न्यावयाचेच झाले तर पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली व मुख्य गोष्ट, त्यांच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून तिकीट काढू नये. प्रकृती सरळ असलेल्या गर्भवतीला विमानाचा लहानसा प्रवास सहसा बाधत नाही. विमान दहा किलोमीटर उंचीवर असले तरी आतील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून फार तर आठ हजार फुटांवर असावा इतपत राखलेला असतो. निरोगी स्त्रीस तो सोसतो. ज्यांना रक्तक्षय आहे, रक्तदाब वाढलेला आहे, मध्यंतरी रक्तस्राव झाला आहे, वार खाली आहे असे सोनोग्राफीत दिसले आहे, किंवा ज्यांना जुळी आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याबाबत आमचे वा शेजाऱ्यांचे मत चालणार नाही.

दुसरी गोष्ट महिन्यांची व आठवड्यांची. आपल्या घरांतून महिने मोजतात, विमान कंपन्या आठवडे मोजतात. सातवा महिना लागला म्हणजे साधारण सत्ताविसावा-अठ्ठाविसावा आठवडा. कंपन्यांचे नियम एकसारखे नाहीत, पण सर्वसाधारणपणे बत्तीस आठवड्यांपर्यंत त्या अडवीत नाहीत. पुढे प्रवासास योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागतात, आणि छत्तीस आठवड्यांनंतर बहुधा नेतच नाहीत. जुळी असल्यास ही मर्यादा आणखी अलीकडे येते. येथे पुष्कळांच्या नजरेतून सुटणारी बाब अशी, की हा नियम परतीच्या दिवसालाही लागतो. जाताना एकतीस आठवडे भरलेले असतील व तंजावरच्या नातेवाइकांकडे पंधरवडा राहून निघावयाचे असेल, तर परतताना तेहतीस होतात. दाखला मुंबईहूनच नेणे शहाणपणाचे. तो जवळ असला तर विमानतळावरच्या कारकुनापुढे वाद घालण्याचा प्रसंग येत नाही.

तिसरी गोष्ट बसण्याची. गर्भारपणात पायांतील रक्त साकळण्याचा धोका एरवीपेक्षा अधिक असतो, आणि तासन् तास एका जागी बसल्याने तो वाढतो. म्हणून विमानात कडेची जागा मागून घ्यावी, अधूनमधून उठून चार पावले चालावे, पाणी पीत राहावे. कमरेचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या बाजूने बांधावा. मोटारीतही तोच नियम, आणि खांद्यावरचा पट्टा दोन स्तनांमधून पोटाच्या बाजूने गेला पाहिजे. तिरुचिरापल्ली ते तिरुक्करुगावूर हे मोटारीचे दोन तास सलग करू नयेत. तंजावरला थांबावे. तेथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. तंजावर शहरात राजा मिरासदार या नावाचे जुने सरकारी रुग्णालय आहे, व ते प्रसूतीसाठी त्या भागात प्रसिद्ध आहे. मिरासदार हा आपला शब्द तेथील दवाखान्याच्या पाटीवर वाचून मराठी माणसाला क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. त्याची गरज पडू नये, पण १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्राप्रमाणे तमिळनाडूतही मिळते, हे सोबतच्या मंडळींना ठाऊक असावे.

आता देवळाविषयी, कारण वेळेचा शेवटचा धागा तेथे आहे. तमिळमध्ये ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे राखणे, ‘ऊर’ म्हणजे गाव, आणि ‘तिरु’ म्हणजे आपला ‘श्री’. नावातच गावाची ओळख आहे. येथील कथा अशी सांगतात, की निध्रुव ऋषी बाहेर गेले असता त्यांची गर्भवती पत्नी वेदिका घरी एकटी होती. दमून पडलेल्या तिला दारी आलेल्या ऊर्ध्वपाद ऋषींचे आतिथ्य करता आले नाही. त्यांनी शाप दिला व तिचा गर्भ ढळला. तेव्हा देवीने तो गर्भ एका कुंभात राखून वाढविला. कथेकडे कोणी कोणत्याही दृष्टीने पाहो, तिच्यातील एक गोष्ट आम्हांस फार खरी वाटते. दमलेल्या गर्भवतीकडून पाहुणचाराची अपेक्षा करणारा माणूस त्या कथेत चुकलेला आहे.

गर्भगृहात शिव आहेत ते मुल्लैवननाथ, म्हणजे जाईच्या वनाचे नाथ. लिंग मातीचे असल्याने त्यावर पाण्याचा अभिषेक करीत नाहीत. ज्या दांपत्यास अपत्य हवे असते त्यांना देवीपुढचे तूप देतात, आणि गर्भवतीस सुखरूप सुटकेसाठी एरंडेल तेल. या परिसरात पाच वनक्षेत्रे मानली आहेत. ती पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत, प्रत्येक देवळास ठरलेल्या प्रहरी पोहोचून, एकाच दिवसात करण्याचा प्रघात आहे. त्यांत पहाटेचे स्थान तिरुक्करुगावूरचे. वेळ व अंतर यांची इतकी काटेकोर सांगड रेल्वेच्या वेळापत्रकातही क्वचितच आढळेल. ही परिक्रमा घरच्या इतर मंडळींनी हौसेने करावी. सूनबाईंना पहिल्या देवळावरच थांबवावे.

तमिळनाडूतील बहुतेक शिवमंदिरे दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास बंद होतात व चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. ज्यांनी विमानाचे दोन तास तेवढे मोजले, ते नेमके बंद दारापुढे उन्हात येऊन उभे राहतात. सकाळी आठचे विमान धरणारा माणूस दहाला उतरतो, पावणेअकराला मोटारीत बसतो, आणि पावणेएकला दारावर पोहोचतो. त्यापेक्षा दुपारचे विमान घ्यावे, संध्याकाळी तंजावर किंवा कुंभकोणम् येथे मुक्काम करावा, रात्री पोटभर झोप घ्यावी, व सकाळी थंड वेळी वीसेक किलोमीटर जाऊन दर्शन उरकावे. त्या दिवशीही पुन्हा मुक्काम करून तिसऱ्या दिवशी परत निघावे. दोन तासांच्या प्रवासाला तीन दिवस हे ऐकावयास विचित्र वाटेल, पण सूनबाईंच्या अंगाला विचारले तर ते हेच उत्तर देईल.

आणि डॉक्टरांनी नको म्हटले तर? तर न्यावयाचे नाही. सासूबाईंनी स्वतः जावे, किंवा मुलाने जावे. गर्भवतीच्या वतीने घरचे माणूस येऊन तेल घेऊन जाते, हे तेथे नित्याचे आहे, व कित्येक भाविक प्रसाद टपालाने मागवितात. तेल पोटावर हलक्या हाताने लावावयाचे आहे. कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजण्याचा जुना उद्योग डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणी करू नये. येताना ती बाटली हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीच्या जागी ती काढून घेण्याचा संभव असतो. कंपनीस विचारून मोठ्या सामानात टाका, बूच घट्ट लावा आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा. कुंभकोणम्‌हून घेतलेल्या रेशमी साड्या मात्र त्याच पेटीत ठेवू नका.